भिंत कोरडी आहे का बघ, कपाटाचं मग बघू

पत्र आलंय बेळगावच्या वडगावहून, थोडं आटपून देतेय.

"ताई, नमस्कार. आजेसासऱ्यांच्या काळात आमच्या घरात माग होता. ती मागाची खोली पाडून तिथं विटांची खोली बांधली आणि आता ती आमची बेडरूम आहे. दक्षिणोत्तर ११ फूट, पूर्व-पश्चिम १०. खिडकी पश्चिमेला बोळात उघडते, दार उत्तरेच्या भिंतीला खिडकीकडच्या कोपऱ्यात, दक्षिणेची भिंत शेजाऱ्यांची आणि आमची एकच. पलंग ५ फुटी. कपाट म्हणजे सासूबाईंच्या लग्नातलं लोखंडी, ते पश्चिमेच्या भिंतीला लावलंय, त्यात आम्ही तिघं, मी, हे आणि दुसरीतली मुलगी. यांना भिंतभर स्लायडिंगचा वॉर्डरोब पाहिजे, आरसेवाला, रोज मोबाईलवर एक फोटो दाखवतात. सासूबाई म्हणतात जुनं कपाट घराबाहेर जाणार नाही, कपाट नैऋत्येलाच पाहिजे आणि पलंगासमोर आरसा चालणार नाही. मला वाटतं दुकानातलं तयार घ्यावं, गणपतीच्या ऑफर चालू आहेत, दोन दिवसात आणून जोडून देतात. माझ्या ४० साड्या आहेत, त्यात आईच्या ३ शहापुरी आणि २ इरकल, त्यांच्यावर मागच्या पावसात बुरशीचे ठिपके पडले. खिडकीजवळ फरशीपण जरा खचलीय. भिशी पुढच्या महिन्यात लागणार आहे. काय घेऊ? — वडगावची सून"

अगं सूनबाई, स्लायडिंग, आरसा, ऑफर सगळं लिहून झाल्यावर तू बुरशीचं सांगितलंस, म्हणजे मुख्य गोष्ट सगळ्यात शेवटी, जाता जाता. बाकीचं सगळं मी ठरवून देते, काळजी करू नको, खरं आधी ती बुरशी. कारण साड्यांना बुरशी लोखंडी कपाटात लागली ना, म्हणजे दोष कपाटाचा नाही, ते ज्या भिंतीला लावलंय तिचा आहे, आणि त्याच भिंतीला उद्या तू लाखाचा वॉर्डरोब लावलास तरी ठिपके येणारच, वर कपाटही सडणार.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. फर्निचरच्या दुकानात १८ वर्षं हिशेब लिहायला होते मी, रोज लोकांना कपाटं घेताना बघायची, आणि तरी स्वतःच्या घरासाठी घेतलं तेव्हा अगदी तुझ्यासारखंच केलं. टिळकवाडीत तेव्हा आम्ही भाड्यानं राहत होतो, एका शोरूममधून तयार वॉर्डरोब आणला, पांढरा, चकचकीत, जूनमध्ये. दोन पोरं आली, स्क्रूनं जोडून दोन तासात गेलीसुद्धा. पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटून लावला कारण तसा बरा दिसत होता. श्रावणात वास यायला लागला, मला वाटलं नव्या फर्निचरचा असेल. नवरात्रात साड्या काढायला गेले तर खालची फळी पुरीसारखी फुगलेली, बिजागरीचे स्क्रू हातात आले, आणि पाठीमागचा पुठ्ठ्यासारखा पातळ तक्ता काळा पडून लोंबत होता. शोरूमवाला म्हणाला पाणी लागल्यावर वॉरंटी नाही. पाणी कुठं लागलं होतं, फक्त बेळगावचा पाऊस पडला होता! शेवटी खानापूरकडचा एक मेस्त्री आला बघायला, त्यानं कपाटाकडं बघितलंसुद्धा नाही, भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाला, "अक्का, भिंतच ओली हाय की वो, कपाट काय करतंय त्याला?"

तेव्हापासून कुणीही कपाटाचं विचारलं की मी आधी भिंत विचारते. तू अथणीला, रायबागला राहत असतीस तर एवढं बोलले नसते, तिकडं कोरडं, तिकडं कपाटाला धूळ आणि वाळवी हे दोनच वैरी. उलट कणकुंबी-जांबोटीकडं राहत असतीस तर लाकडी कपाटाचा नाद सोड म्हटलं असतं, तिकडच्या पावसात चपलासुद्धा हिरव्या होतात. आपण मधल्या पट्ट्यातले. चार महिने पाऊस, त्यात जुलै-ऑगस्टला आठ-आठ दिवस ऊन नाही, आणि तो सगळा येतो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, भिंतीवर तिरपा.

आता गंमत बघ. सासूबाई म्हणतात कपाट नैऋत्येला, वास्तुवालेही तेच सांगतात, जड वस्तू नैऋत्येला ठेवा. आणि आपल्याकडचा पाऊस कुठला, तर नैऋत्य मोसमी. म्हणजे घरातला सगळ्यात ओला कोपरा आणि कपाटाचा कोपरा एकच! अर्ध्या बेळगावातल्या कपाटांचा घोळ हाच आहे असं माझं मत. खरं तुझ्या खोलीत यातून मार्ग आहे, सासूबाईंना दुखवायला नको, येते त्याच्यावर.

आधी आज एक कर. कुठलंही स्वच्छ प्लास्टिक घेऊन दीड फुटाचा चौकोन पश्चिमेच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर वर, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटव. असाच दुसरा दक्षिणेच्या भिंतीला. दोन दिवस ठेव, मग काढून बघ. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला पाण्याचे थेंब किंवा दमटपणा असेल तर भिंतीतून ओल येतेय. बाहेरच्या अंगाला, खोलीकडच्या, असेल तर ओल हवेतली आहे, भिंत बरी आहे, नुसती हवा खेळवायला पाहिजे. आत्ता श्रावण चाललाय, म्हणजे भिंत खरं बोलते त्या दिवसात आपण आहोत. मार्चमध्ये हीच भिंत विचारलीस तर गुणी बाळासारखी कोरडी असते. म्हणून गणपतीच्या ऑफरवर मी फुली मारतेय, सवलत मिळते ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीला नवं कपाट लावणं म्हणजे ओल्या केसांवर टोपी घालणं.

दक्षिणेची भिंत सामायिक आहे म्हणजे तिच्यावर पाऊस लागत नाही, ही तुझी सगळ्यात मोठी जमेची बाजू. फक्त शेजाऱ्यांकडं जाऊन ये एकदा, चहाच्या निमित्तानं, त्या भिंतीपलीकडं त्यांची न्हाणी किंवा मोरी नाही ना बघ. असली तर प्लास्टिक सांगेलच म्हणा. आणि पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरून काम करून घे, बोळातून प्लास्टरला तडे आहेत का, खिडकीवरचा छज्जा पाणी आत टाकतोय का, वरच्या गच्चीचं पाणी भिंतीवरूनच उतरतंय का. गवंड्याला दिवाळीनंतर बोलाव, तडे भरून वॉटरप्रूफ रंग बाहेरून मारायचा. आतून कितीही पुट्टी आणि रंग लावला तरी ओल बाहेरून येणारी असेल तर ती पुट्टी सोलून बाहेर पडते, पैसे वाया.

म्हणजे वेळापत्रक असं झालं, भिशी लागली की बँकेत ठेव, दिवाळीनंतर भिंत, आणि कपाट जानेवारी-फेब्रुवारीत. तेवढ्यात लाकूडही कोरडं मिळतं आणि सुतारपण मोकळे असतात, लग्नसराईच्या आधी गाठायचे मात्र, कारण एकदा का लग्नं सुरू झाली की सगळे पलंग-कपाटाच्या ऑर्डरीत अडकतात आणि "परवा येतो की वो" ऐकत बसावं लागतं.

आता जागा. मी तुझी खोली वहीच्या चौकटीच्या पानावर काढली, एक चौकट म्हणजे एक फूट, तूही काढ, यांच्यासमोर काढ, फोटोपेक्षा त्यानं माणूस लवकर ऐकतो.

दक्षिणेच्या भिंतीची लांबी १० फूट. त्या भिंतीला कपाटं, दोन्ही. होय, सासूबाईंचं लोखंडीसुद्धा. पश्चिमेच्या भिंतीपासून ४ इंच सोडायचे, मग लोखंडी कपाट, ते साधारण ३ फूट रुंद असतं, मग जरा फट, मग ६ फुटांचं नवीन लाकडी, आणि पूर्वेकडं अर्धा फूट उरतो. बसतंय बरोबर. लोखंडी कपाट आलं नैऋत्य कोपऱ्यात, दार उत्तरेकडं उघडतंय, दागिने-कागदपत्रं त्यात, सासूबाईंचं वास्तु जमलं. आणि माझंही जमलं, कारण ओल्या भिंतीच्या बाजूला लोखंड आलं, लाकूड लांब गेलं. लोखंड गंजतं हे खरंय, खरं फुगत नाही, आणि भिंतीला टेकलं नाही तर गंजायलाही वेळ लागतो. ते कपाट विकायच्या भानगडीत पडूच नको. गोदरेजनं १९२३ मध्ये लोखंडी कपाटं करायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या लोकांना कळलंय की उंदीर, वाळवी, पाऊस तिन्हींना पुरून उरणारं एवढंच एक कपाट आहे. घासून स्प्रेनं रंगवून घे, मळकट हिरव्याचं मस्त फिकट राखाडी होतं, ओळखू येणार नाही.

खोलीच्या बाबतीत एक युक्ती सांगते. लोखंडी कपाटाची खोली, म्हणजे पुढून मागं, साधारण १९ इंच असते. नवीन लाकडी तू २२ इंचाचं कर. लोखंडी कपाट भिंतीपासून ५ इंच पुढं आणि लाकडी २ इंच पुढं, दोघांची तोंडं एका रेषेत, २ फुटांवर. समोरून बघणाऱ्याला वाटतं भिंतभर एकच फर्निचर आहे, आणि दोन्हीच्या मागून हवा जाते. लोक सांगतात वॉर्डरोब २४ इंच खोलच पाहिजे, ते ठीक आहे, खरं हँगर स्वतः १७-१८ इंचाचा असतो, त्याला शर्टाच्या बाह्या धरून २१-२२ इंच आतून-बाहेरून पुरतात, दार उघडझाप होणारं असेल तर. स्लायडिंग असेल तर मात्र दोन शटरं एकमेकांपुढून सरकायला ३-४ इंच जास्त जातात, म्हणजे २५-२६ इंच.

आणि इथंच यांचं स्लायडिंग बाद होतंय. हिशेब बघ. उत्तर-दक्षिण ११ फूट, त्यातले २ फूट कपाट, ५ फूट पलंग, राहिले ४. पलंगाचं डोकं पूर्वेला कर, पलीकडं भिंतीकडं सव्वा फूट ठेवला तर कपाट आणि पलंगाच्या मधे पावणेतीन फूट मिळतात. कपाटाचं एक शटर दीड फूट रुंद, ते उघडून तू सहज उभी राहशील. स्लायडिंगची खरी गरज कुठं, तर जिथं मधे दोन-सव्वादोन फूटच उरतात आणि दार उघडलं की पलंगाला आपटतं. तुझ्याकडं जागा आहे मग कशाला? दोन शटरच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी निम्मंच कपाट उघडतं, सकाळी शाळेची, ऑफिसची घाई, मुलीचं सॉक्स एका बाजूला आणि यांचा शर्ट दुसऱ्या बाजूला, दोघं मिळून दार इकडून तिकडं ढकलत बसतील. आणि तू वडगावात राहतेस, शेजारीपाजारी पॉवरलूम असतीलच, त्या सुताची बारीक धूळ खालच्या ट्रॅकमध्ये बसते, वर्षभरात दार खरखरायला लागतं आणि मग चाक रुळावरून उतरतं. यांना म्हणावं फोटोत ट्रॅक साफ करणारी बाई दिसत नसते.

पलंगाच्या पायाकडं, खिडकीजवळ, साडेतीन फुटांची पट्टी राहते, दारातून आत यायला तीच वाट. लोखंडी कपाट त्या पट्टीसमोरच येतं, म्हणजे सासूबाईंना त्यांचं कपाट उघडायला पलंग आडवा येत नाही. त्या दुपारी येऊन डबे-पिशव्या काढत असतील ना, आमच्याही यायच्या.

एवढं सगळं वहीत झालं तरी घेऊ नको अजून. जुने पेपर घे, चिकटवून नवीन कपाटाच्या मापाचा लांब तुकडा कर, जमिनीवर टाक आणि दोन दिवस त्याच्यावर पाय न देता खोलीत वावर. रात्री मुलीला उठून पाणी प्यायला जाऊ दे. अडखळली तर कळेल.

खचलेल्या फरशीचं सांगायचं राहिलं. मागाचा खड्डा होता ना तिथं? विणकर पाय खड्ड्यात सोडून बसायचे, उजेडासाठी बहुतेक खिडकीजवळच. तो खड्डा भरला की माती वर्षानुवर्षं बसत राहते. मुलीची गोटी घे आणि दक्षिणेच्या भिंतीकडंनं फरशीवर ठेव, कुठं पळते बघ. नीट बघायचं असेल तर गवंड्याचा लेव्हल पाइप, पाणी भरलेला पारदर्शक, त्यानं मिनिटात कळतं. दोन-तीन सुतांचा उतार असेल तर चालतंय, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कपाटाला स्क्रूचे पाय लावून घ्यायचे, फिरवून वर-खाली होतात. अर्धा-पाऊण इंच असेल तर त्या जागेची फरशी उचलून खाली काँक्रीटचा थर घालून घे, नाहीतर निदान लोखंडी कपाटाखाली कडप्प्याचा तुकडा टाकून लेव्हल कर. हे केलं नाहीस तर काय होतं माहितीय? कपाटाचं दार आपोआप उघडतं. रात्री दोन वाजता, कर्र आवाज करत. आमच्या ओळखीतल्या एका घरी यावरून नारळ फोडून उतारा टाकला होता, शेवटी सुतारानं एका पायाखाली पत्त्यांचा जोड सरकवला तेव्हा भूत गेलं.

आता तयार की सुताराकडून. तयार कपाट वाईट नसतं, भाड्याच्या घरात, कोरड्या खोलीत, वरच्या मजल्यावर असेल तर मी स्वतः घ्या म्हणून सांगते. खरं स्वस्तातली तयार कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डची असतात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली. कड उघडी राहिली आणि ओल लागली की तो भुसा फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. स्क्रूही एकदाच धरतो, कपाट खोलून दुसऱ्या खोलीत न्यायचं म्हटलं की भोकं मोठी होतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, दिसायला गुळगुळीत, रंगाला छान, ओलीत त्याचंही तेच. तुझ्या खोलीला प्लाय. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे हो मॅडम" म्हणेल, त्याच्या तोंडाकडं न बघता शीटवरचा शिक्का बघायचा, आयएसआय मार्क आणि आकडा. ३०३ लिहिलेलं असेल तर त्यात दोन प्रकार येतात, एमआर म्हणजे साधं कमर्शियल आणि बीडब्ल्यूआर म्हणजे पाणी बऱ्यापैकी सोसणारं, तुला बीडब्ल्यूआर. ७१० असेल तर ते मरीन, त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते, ते स्वयंपाकघरात सिंकखाली वापरायचं, अख्ख्या कपाटाला परवडत नाही आणि गरजही नाही. मी काय करते सांगू, खालची तळफळी आणि बाजूंचे खालचे भाग मरीनमध्ये, बाकी बीडब्ल्यूआर. सुतार आधी कुरकुरतो, एका शीटसाठी कशाला म्हणून, करतो मग. विश्वास नसेल तर दुकानातून वीतभर तुकडा मागून आण आणि बादलीत तीन दिवस बुडवून ठेव, थर सुटले तर त्या दुकानात परत जाऊ नको.

किती प्लाय लागेल याचा अंदाज तुला पाहिजे, नाहीतर सुतार ८ शीट सांगतो आणि तू मान डोलावतेस. शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ चौरस फूट. तुझं कपाट ६ फूट रुंद ७ फूट उंच. बाजू, मधल्या उभ्या फळ्या, कप्पे, वर-खाली आणि शटरं धरून १५०-१६० चौरस फूट होतात, म्हणजे पाऊण इंची ५ शीट, कापाकापीत वाया जाणारं धरून ६. पाठीला पातळ ६ एमएमची दीड शीट. मी ८ एमएम घ्या म्हणते, पाठ जाड असली की कपाट हेलकावत नाही. वर लॉफ्ट पाहिजे असेल तर त्याचं वेगळं. तू छताची उंची लिहिली नाहीस, साडेनऊ फूट असेल तर वर २ फुटांचा लॉफ्ट लाकडी कपाटावर करून घे, वाकळा, रजया, दिवाळीचे आकाशकंदील, मुलीची जुनी पुस्तकं तिकडं जातील. त्याची दारं वेगळी ठेवायची, शीटच ८ फुटी असते, साडेआठ-नऊ फुटांचं एकसंध दार करायला गेलं की जोड येतो आणि ते दार वाकतं.

भाव ठरवताना सुतार "स्क्वेअर फुटाला इतके" म्हणतो, त्याचा अर्थ समोरून दिसणारं क्षेत्रफळ, तुझ्या कपाटाचं ६ गुणिले ७ म्हणजे ४२. तेव्हाच तिथल्या तिथं विचारून कागदावर लिहून घ्यायचं की यात लॉफ्ट आला का, सनमायका कुणाचा, आतून पण सनमायका की नुसता रंग, ड्रॉवरचे चॅनेल, बिजागऱ्या, कुलपं, हँडल कुणाचे. नुसती मजुरी की मटेरियलसकट. कन्नड बोलणारा मेस्त्री असेल तर कन्नडात, राजस्थानचा असेल तर हिंदीत, खरं लिहून. तोंडी ठरलेलं कपाट नंतर नेहमी महाग पडतं.

आतली मांडणी करताना मात्र मला हौस येते. समोर ४ शटरं, दीड-दीड फुटांची. डावीकडची दोन शटरं मिळून ३ फुटांचा मोठा खण, यांचा आणि तुझ्या ड्रेसेसचा, वर दांडी. शर्टाला दांडीखाली ४० इंच पुरतात, म्हणजे खाली तीनेक फूट उरतात, तिथं दोन ड्रॉवर आणि एक मोकळा कप्पा. एका हँगरला दीड-दोन इंच जातात, ३ फुटांच्या दांडीवर वीसेक कपडे राहतात, त्याच्यापेक्षा जास्त शर्ट यांच्याकडं असतील तर त्यांनी थोडे वाटून टाकावेत.

तिसऱ्या शटरमागं साड्या. लोक ३ फुटांची सलग फळी करतात, तिच्यावर साड्यांचे ढीग लागतात आणि दोन वर्षांत फळी मधे झुकते. दीड फुटाचा अरुंद उभा खण असेल तर झुकायचा प्रश्न नाही. घडी घातलेली साडी त्यात आरामात बसते. ११-११ इंचांवर ७ कप्पे करायचे, एका कप्प्यात ६ ते ७ साड्या, ४० साड्या संपल्या! एकावर एक १५ रचल्या की खालची कधी नेसलीच जात नाही आणि बुरशी नेमकी तिलाच लागते. चौथं शटर मुलीचं. तिची दांडी आत्ता खाली, तिच्या हाताला लागेल अशी, फळ्या भोकं पाडून खुंट्यांवर ठेवायच्या, ती वाढेल तशा सरकवायच्या. दुसरीतली मुलगी स्वतःचा फ्रॉक स्वतः काढू लागली की तुझी रोजची दहा मिनिटं वाचली.

प्रत्येक शटरला ४ बिजागऱ्या, ३ नको, ७ फुटी कपाट आहे. यांचा आरसा तिसऱ्या शटरच्या आतल्या बाजूला लाव, साडी नेसताना दार उघडून पूर्ण दिसतं, बंद केलं की आरसा गायब, सासूबाईंची तक्रार नाही. त्या शटरला आरशाच्या वजनासाठी एक बिजागरी जास्त. पश्चिमेच्या भिंतीवर आरसा टांगू नको, ओलीनं मागून काळा पडतो. आणि तुला म्हणून सांगते, जुन्या लोखंडी कपाटांच्या दाराला बहुतेक आरसा असतोच, सासूबाईंच्याही असेल, तो इतकी वर्षं चाललाय म्हणजे आरशाशी त्यांचं तसं भांडण नाहीय, त्यांना विचारलं नाही याचं आहे.

रंगाबद्दल मी फार बोलत नाही. खिडकी एकच आणि ती बोळात, म्हणजे उजेड कमी, गडद अक्रोडी रंग घेतलास तर खोली गुहा वाटेल. फिकट लाकडाचा किंवा मोतिया मॅट सनमायका. चकचकीत नको, बोटं उठतात, घरात लहान मूल आहे. घराची जुनी दारं-चौकटी सागवानी असतील तर कपाटाच्या कडेला तसल्या रंगाची पट्टी आणि पितळी हँडल, झालं. फोटोतला राखाडी-काळा वॉर्डरोब दुबईच्या फ्लॅटमध्ये छान दिसतो.

तळ जमिनीपासून ४ इंच वर पाहिजे. आपण सणावाराला फरशी धुतो, बादलीनं पाणी ओततो, पहिला मार तळफळीच्या कडेला बसतो. तिथं कड पट्टीनं बंद केलीय का ते सुतार जायच्या आत बोट फिरवून बघ, कपाट उभं केल्यावर खालून दिसत नाही म्हणून तिथंच राहते. पाठीला आणि तळाला उभं करायच्या आधी वाळवीचं औषध मारायचं, आणि नवं कपाट आठवडाभर दारं उघडी टाकून ठेवायचं, वास गेल्याशिवाय कपडे आत नकोत.

आईच्या साड्यांचं. ठिपके पडलेल्या साड्या ब्रशनं घासू नको, पावसात तर हातच लावू नको. ऊन पडलं की सावलीत, कोरड्या हवेत अर्धा दिवस पसर, मऊ कोरड्या कापडानं हलकेच पूस, डाग राहिला तर रेशमाचं काम कळणाऱ्याकडं दे, शहापुरात अजून तशी माणसं आहेत. मग धुतलेल्या मलमलच्या कापडात एकेक गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट हवा कोंडते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नको, जर काळी पडते, त्यापेक्षा लवंगांची पुरचुंडी. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडं घालायची, नाहीतर रेशीम त्याच घडीवर फाटतं. त्या पाच साड्या नव्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात ठेव, तळात नको, आणि कपाट येईपर्यंत आत्ताच त्या लोखंडी कपाटातून काढून कोरड्या खोलीत पत्र्याच्या पेटीत टाक.

लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीपासून आजच वीतभर पुढं ओढा, चौघं लागतील, रिकामं करूनच ओढा. आणि मागं काय दिसतं ते मला लिहून कळव, प्लास्टिकवर थेंब कुठल्या अंगाला आले तेही.